आधी भोंगा, मग दरवाजे

बाळारामकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला स्कूटरचं पंक्चर काढून घेत उभी होते. फोन त्यांच्या बायकोचा, सुगंधाकाकींचा होता. "सिस्टर, आज तुमचा आमच्याकडं यायचा वार ना? या, पन घाई करू नका. सकाळीच गेले ते," त्या म्हणाल्या. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि काकी मध्येच फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगत होत्या की खुर्च्या सावलीत घाला, म्हातारी माणसं येतील. मी म्हटलं, निघतेच. "खाऊन निघा," त्या म्हणाल्या, "आमची चूल आज नाय पेटायची." मी पंक्चरवाल्याच्या शेजारच्या टपरीवर वडापाव खाल्ला आणि निघाले. काकींचं ऐकायची मला सवय झाली होती.

त्याला आता महिना होऊन गेला. मी परिचारिका आहे. यकृताच्या कॅन्सरवर उपचार झालेली माणसं घरी परतली की पुढे त्यांनी आणि घरच्यांनी स्वतःची काळजी कशी घ्यायची, कोणत्या त्रासाला घरीच काय करायचं आणि कोणत्या त्रासाला उठून दवाखाना गाठायचा, हे शिकवणं आणि मग फोनवरून, घरी जाऊन त्यांच्या मागे लागणं हे माझं काम. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्याकडे आहेत. माझ्या कामातली माणसं जातात, हे मला नवीन नाही, आणि प्रत्येकावर लिहायला मी बसत नाही. काकांवर लिहायचं ठरवलं तेव्हा आधी काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवा. पन त्यांना देवमानूस-बिवमानूस करू नका. जन्मभर मी त्यांची किरकिर ऐकून घेतलीय, ती पन लिवा."

तर किरकिरीपासूनच सुरुवात करते. काका मला पहिल्यांदा दिसले ते रुग्णालयातल्या खाटेवर, उताणे, एक पाय सरळ ठेवून हलायचं नाही अशा हुकुमाखाली, आणि चहा पाणचट आहे म्हणून वॉर्डातल्या मावशींशी वाद घालत. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट यकृतापर्यंत नेऊन, गाठीला रक्त पुरवणारी वाट औषध सोडून बंद करण्याचा उपचार त्यांच्यावर त्या दिवशी झाला होता. पुढचे काही दिवस ताप येईल, कुशीत दुखेल, मळमळेल, थकवा तर महिनाभरही राहील, हे मी त्यांना समजावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाटाचं फाटक पाडलं तुमी. गाठीचं शेत सुकवायचं." मी म्हटलं, तसंच. "आनि मग बाकीच्या शेताचं काय?" मी सांगितलं की यकृताला रक्त दोन वाटांनी येतं, गाठ मुख्यतः एकीवर जगते, बाकीच्या यकृताला दुसरी वाट आहे. ते काकींकडे वळून म्हणाले, "बघितलंस, सोय हाय," जणू ती सोय त्यांनीच करून ठेवली होती.

त्यांची सगळी नोकरी भातसा धरणावर गेली होती. पावसाळ्यात पाण्याची पातळी बघायची, वरून हुकूम आला की दरवाजे उचलायचे, आणि त्याआधी भोंगा द्यायचा. संसार भातसानगरच्या वसाहतीत झाला, एकुलती एक मुलगी तिथंच मोठी झाली आणि खर्डीला दिली. निवृत्तीनंतर नवरा-बायको मूळ गावी, सरळगावच्या अलीकडे, मुरबाडच्या हद्दीत येऊन राहिले. त्यांनी दारूला कधी तोंड लावलं नव्हतं. लहानपणापासून रक्तात राहून गेलेल्या बी प्रकारच्या काविळीनं त्यांचं यकृत आतून निबर करत नेलं होतं, आणि त्यावर ही गाठ धरली होती. पण यकृत गेलं म्हटल्यावर गाव काय समजायचं ते समजतंच.

चहाची तक्रार झाल्यावर त्यांनी काकींना खाली पाठवलं, बाहेरच्या टपरीवरचा चहा आणायला. त्या गेल्यावर म्हणाले, "सिस्टरबाय, एक विचारू? डोकं जाईल का माझं?"

मी विचारलं, कशावरून म्हणता. मग त्यांनी त्यांच्या मोठ्या भावाची, दामूदादाची गोष्ट सांगितली. त्यालाही हाच आजार होता, पण तेव्हा तो कुणी नीट ओळखला नव्हता. शेवटच्या दिवसांत तो दिवसा झोपायचा, रात्रभर बडबडायचा, आणि एके दिवशी त्यानं बायकोच्या हातचं पाणी तिच्या अंगावर थुंकलं. तू कोण, मला विष घालायला आलीस, चालती हो, असं चारचौघांत बोलला. गावातल्या काहींनी भगत आणला, काहींनी ठरवलं की हा चोरून पीत असणार. दोन-तीन दिवसांत तो गेला. त्याची बायको, हिरावहिनी, त्याच गावात राहते. "ती कुनाला काय बोलत नाय," काका म्हणाले, "पन तिला वाटतं, जाताना नवऱ्यानं मनातलं खरं बोलून दाखवलं. इतकी वर्सं झाली... मरनाचं जाऊ दे, ते काय आज ना उद्या. पन सुगंधीला मी असं काय बोलून जायला नको. तेवढं बघा तुमी."

मी त्यांना खोटी खात्री दिली नाही. यकृत काम करेनासं झालं की जी घाण ते गाळून टाकतं ती रक्तात राहते, डोक्यात चढते आणि माणूस भलतंच बोलू-वागू लागतो, हे खरं आहे. पण ते बऱ्याच वेळा टाळता येतं, लवकर ओळखलं तर मागेही फिरवता येतं, आणि त्यातलं निम्मं काम घरातच करायचं असतं, हेही मी सांगितलं. काकी चहा घेऊन आल्या. काकांनी एक घोट घेतला आणि हाही पाणचटच आहे म्हणाले.

पहिल्या भेटीला घरी गेले तर काका ओटीवर भिंतीला टेकून बसलेले, गाल आत गेलेले. शेजारीपाजारी येऊन प्रत्येक जण एकेक पथ्य सांगून गेला होता आणि काकींनी सगळी पाळली होती. तेल बंद, तूर बंद, अंडं-मासळी बंद, हळदसुद्धा बंद. दोन्ही वेळा भाताची पेज, आणि तोंडाला चव म्हणून तिच्यासोबत खारा बोंबील. म्हणजे जे खायला हवं ते सगळं बंद, आणि जे मीठ मुळीच नको ते चालू. आमच्या भागात आजाऱ्याला काहीही खा म्हणणाऱ्या डॉक्टरला माणसं डॉक्टर मानत नाहीत, पथ्य नाही तर औषध कसलं. मी काकींना म्हटलं, "पथ्य पाहिजे ना? मग आता माझं पथ्य लिहून घेऊ नका, पाठ करा. रोज अंडं चुकवायचं नाही. डाळ किंवा कडधान्य चुकवायचं नाही. झोपायच्या आधी काहीतरी खायचंच, उपाशी रात्र काढायची नाही. आणि बोंबील, लोणचं, पापड घरात दिसता कामा नये." काकींनी विचारलं, "खायचं पन पथ्य असतं?" मी म्हटलं, असतं, आणि ते मोडलं तर जास्त वाईट. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या वेळी काकांनी माझ्याकडे तक्रार केली, "ही अंडं घेऊन मागं मागं फिरते माज्या. शाळेत मास्तर पन येवढा मागं लागत नव्हता."

पोटात पाणी साठायला लागलं तर ते लवकर कळावं म्हणून कंबरेचा घेर मोजायचा असतो. मी पिशवीतून टेप काढली. काका म्हणाले, "टेप कशाला? करदोडा हाय की." त्यांनी करदोड्याला आज जिथं सैल बसतो तिथं एक गाठ मारली आणि सांगितलं, ही आपली आजची पातळी. रोज सकाळी अंघोळीआधी ते गाठ बघायचे. गाठ सरकली, करदोडा काचायला लागला की फोन यायचा: "सिस्टरबाय, आवक वाढलीय." मग मी मिठाची उलटतपासणी घ्यायची आणि कुठल्या तरी लग्नातलं लोणचं बाहेर निघायचं, किंवा डॉक्टरांशी बोलून लघवीच्या गोळीत बदल करून घ्यायचा. पुढे पुढे मीही तशीच बोलू लागले. आमचे डॉक्टर एकदा मला विचारत होते की रुग्णाच्या पोटाचं काय, आणि मी सहज म्हणाले, सर, आवक आहे पण विसर्ग बरा आहे. ते हसले आणि म्हणाले, मग इशारा द्यायला नको तर.

खरी कटकट होती ती गोड औषधाची. डोक्यात चढणारी ती घाण शरीरात साठू नये म्हणून एक पाकासारखं पातळ औषध देतात. त्यानं दिवसातून दोन-तीनदा पोट सैल साफ व्हायला हवं. एकदाच झालं तर औषध कमी पडलं, पाण्यासारखं सारखं होऊ लागलं तर जास्त झालं. किती घ्यायचं हे असं रोजच्या रोज बघून ठरवायचं, आणि ते मी त्यांना शिकवलं होतं. बोलायला अवघड विषय, पण या घरात त्याची चेष्टाच व्हायची. काकांनी औषध घेतलं की काकी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं." शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि काका म्हणायचे, हसा, हसा, तुमच्या नवऱ्यांना मिळू दे हे औषध.

घरात हसणं वेगळं आणि चारचौघांत वेगळं. खर्डीला मुलीच्या दिराची हळद होती. काका मुलीचे वडील, मान होता. भर मांडवातून उठून सारखं शेताकडं पळायचं, हे त्यांना नको होतं. त्यांनी आदल्या दिवसापासून औषध बंद केलं आणि काकींना सांगितलं नाही. बाटलीचं झाकण उघडून बंद करायचे, एवढंच. हळदीला बँजो लागला, जेवणावळी सुरू झाल्या, आणि काका खुर्चीतून उठून मांडवाच्या मध्यभागी गेले. हात वर करून सांगू लागले की भोंगा का दिला नाही, दरवाजे उचललेत, खालची माणसं उठवा, पोरं पाण्यात आहेत. काही जण हसले. मुलीच्या सासरकडचा एक जण म्हणाला, "व्याह्यांनी टाकलेली दिसतेय." काकी त्यांचा हात धरायला गेल्या तर त्यांनी तो झटकला.

काकींनी मला फोन केला आणि फोनवर त्या पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं: "हात थरथरतोय, आनि मला वळखत नाय." त्यांना मी काय बघायचं ते शिकवलं होतं आणि त्यांनी नेमकं तेच बघितलं होतं. मी म्हटलं, शुद्ध आहे का, गिळतायत का, उलटी रक्ताची आहे का, शी काळी झालीय का. शुद्ध आहे, गिळतायत, बाकीचं काही नाही, म्हणाल्या. तशा अवस्थेत घरी थांबायचं नसतं. जावयानं गाडी काढली, शहापूरला नेलं, तिथून पुढे आमच्याकडे आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी डोळे उघडून वॉर्डाकडे बघितलं आणि म्हणाले, "हितला चहा मला नको." काकी त्या वेळी पहिल्यांदा रडल्या.

नंतर ते मला म्हणाले, "काय बोललो मी तिला?" मी म्हटलं, काहीच नाही, फक्त हात झटकलात. त्यांना पटेना. पुन्हा पुन्हा विचारत राहिले. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नेहमीपेक्षा कमीच बोललात." तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. भावाचं जे झालं त्याच्या उंबऱ्यावर आपण जाऊन आलो, हे त्यांना कळलं होतं. मी त्यांना रागावले नाही. औषध का थांबवलं ते विचारलं, आणि मग आम्ही तिघांनी बसून त्यावरच काम केलं. डॉक्टरांना विचारून औषधाच्या वेळा अशा बसवल्या की बाहेर जायच्या दिवशी पहाटे लवकर सुरुवात करायची, दुपारपर्यंत पोट मोकळं व्हावं, आणि उरलेला डोस घरी परतल्यावर. मांडवात खुर्ची मधे नाही, कडेला घ्यायची. तिसरी गोष्ट काकांनी स्वतःच ठरवली. ज्या घरी जायचं त्या घरच्या माणसाला आधीच सांगून टाकायचं. पुढच्या लग्नाला मलाही बोलावणं होतं, तिथं मी स्वतः ऐकलं, ते यजमानाला म्हणत होते, "मला औषध हाय, मी मधून मधून उठनार. उठलो तर समजायचं डोकं ठिकानावर हाय. नाय उठलो तर माज्या बायकोला बोलवा." यजमानानं कडेची खुर्ची आणून दिली.

डोकं ठिकाणावर आहे की नाही हे रोज बघायची काकींची स्वतःची रीत होती. आम्ही वार विचारा, बेरीज घाला असं सांगतो. काकी सकाळी विचारायच्या, काल रात्रीची भाजी कशी होती. काकांनी तिला नावं ठेवली की त्या निर्धास्त. "ज्या दिवशी हा मानूस भाजी बरी झाली म्हनंल," त्या मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमाला फोन करनार." आणि एकदा खरंच केला. काका सकाळी वांग्याच्या भाजीबद्दल चांगलं बोलले होते. बघितलं तर पोट नीट साफ होत नव्हतं, झोप दिवसा चढली होती. औषध वाढवलं, दोन दिवसांत भाजी पुन्हा अळणी झाली. अळणी ती असायचीच, मीठ कमी केलेलं होतं, पण काकांना ते कारण कधी मान्य नव्हतं.

असंच बरंच चांगलं गेलं. मध्ये एकदा पुन्हा गाठीचं फाटक पाडून झालं. अंगाला खाज सुटायची, तर गार पाण्यानं अंघोळ, खोबरेल, नखं काढलेली, सुती बनियन. थकवा यायचा, तर सकाळची कामं, दुपारी पडायचं, संध्याकाळी पुन्हा थोडं चालायचं. कुणी सांगितलं म्हणून अंगदुखीची गोळी घ्यायची नाही, मला विचारल्याशिवाय तर नाहीच. काका हे सगळं पाळायचे आणि प्रत्येक गोष्टीला कुरकुरायचे. मग एका तपासणीत दिसलं की यकृतात जागोजाग गाठी झाल्या आहेत आणि आता तो उपचार पुन्हा झेपणार नाही. डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं. घरी काय करता येईल तेही सांगितलं. काका म्हणाले, घरी.

त्यानंतरच्या भेटीत त्यांनी मला ओटीवर बसवलं, काकींना हाक मारली आणि समोर बसायला सांगितलं. म्हणाले, "सिस्टरबाय साक्षीला हायत. धरनावर कायदा असा हाय, दरवाजा उचलायचा तर आधी भोंगा. पानी सुटल्यावर भोंगा देऊन उपयोग नाय, खाली मानसं असतात. तर सुगंधे, हा माझा भोंगा. पुढं माज्या तोंडातून तुला वाईट-साईट आलं, शिवी आली, वळखलं नाय, तर ते मी नाय. ते हे रक्तात चढलेलं बोलतंय. मी जे बोलायचं ते शुद्धीवर बोलून ठेवतो. तुझ्यासंगं माझं चांगलं गेलं."

काकींनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आनि भाजी?"

"ती वाईटच व्हती," काका म्हणाले.

मी आजवर हे असं कुठल्या रुग्णाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. डोकं जाईल ही गोष्ट आम्ही घरच्यांना सांगतो, बाजूला घेऊन, हळू आवाजात, वेळ आली की. ज्याचं डोकं जायचं तो माणूस त्या बोलण्यात नसतो. काकांनी ते स्वतःच्या हातात घेतलं, आणि त्यांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. म्हणाले, स्कूटर इथंच राहू दे, चालत जाऊ, पलीकडं जायचंय.

पलीकडे म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला हिरावहिनींच्या घरी. चालता चालता ते दोनदा थांबले, दम खाल्ला, करदोडा सैल केला. वहिनी अंगणात भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. दिराला बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि मला पाट सरकवला. काका म्हणाले, "वहिनी, ह्या सिस्टर हायत. दादाला काय झालं व्हतं ते ह्यांना ठाऊक हाय. ऐकून घे." आणि ते स्वतः जरा लांब, आंब्याच्या बुंध्याशी जाऊन बसले.

मी जे रोज सांगते तेच सांगितलं. यकृत काय गाळतं, ते बंद पडलं की डोक्याला काय होतं, माणूस बायको-मुलांना कसा ओळखत नाही, पाण्यात विष आहे असं त्याला खरंच कसं वाटतं, आणि हे आजाराचं कसं ठरलेलं लक्षण आहे, कितीतरी घरांत मी बघितलं आहे. वहिनींचे हात चालूच होते. एकेक वाल चिमटीत धरून त्या सालीतून बाहेर काढत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यांना दिसत व्हती ती मी नव्हते?"

मी म्हटलं, नाही.

"दुसरीच कोन तरी?"

"दुसरीच कोणी. किंवा कोणीच नाही."

त्यांनी मान हलवली. सोललेले वाल एका पातेल्यात काढले, पातेलं माझ्याकडे दिलं आणि आंब्याकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या, "भावजी, बिरडं करायला सांगा सुगंधीला. नारळ घालून. अर्धं काम मी करून दिलंय, आता नावं ठेवायची नायत." काका बुंध्याला धरून उठले. परत येताना माझ्या हातात पातेलं होतं आणि वाट चढाची होती.

शेवटचे आठवडे घरीच गेले. पोटातलं पाणी दोनदा काढून आणलं, दुसऱ्या खेपेला काका म्हणाले, आता पुरे. दुखण्यावरचं औषध डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं, ते काकी वेळेवर देत. शेवटच्या माझ्या भेटीत काका हळू बोलत होते पण शुद्धीवर होते. मला म्हणाले, "सिस्टरबाय, चहा घेतलात? आज बरा झालाय." काकींनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींनाही कळलं की आता फार दिवस नाहीत.

पुढचं मी बघितलेलं नाही, अंत्यविधी उरकल्यावर काकींनी ओटीवर बसून सांगितलेलं आहे. जायच्या आदल्या दिवशी त्यांचं डोकं गेलं. जे आम्ही सगळ्यांनी इतके दिवस थोपवून धरलं होतं ते शेवटी झालंच. दुपारी काकी औषध घेऊन गेल्या तर काकांनी डोळे मोठे करून बघितलं आणि म्हणाले, "कोन गो तू? माज्या घरात काय करतेस? चल, नीघ." अंगणात माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. हिरावहिनी उशाशी बसल्या होत्या, त्या दोन दिवस तिथंच होत्या. पहिलं त्याच बोलल्या. म्हणाल्या, "सुगंधे, ऐकू नको. ते नाय बोलत. आजार बोलतोय." आणि काकी नवऱ्याला म्हणाल्या, "निघते हो. आधी तोंड उघडा, येवढं घ्या, मग निघते." त्यांनी तोंड उघडलं. औषध घेतलं. मग पुन्हा म्हणाले, नीघ. काकी म्हणाल्या, "आता उद्या."

हे सांगताना काकी रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "भोंगा दिलेला व्हता ना. मी कशाला भिऊ?"

त्यांना हवं होतं तसं झालं नाही, ते शेवटपर्यंत शुद्धीवर राहिले नाहीत. पण ज्याची त्यांना भीती होती तेही झालं नाही. बायकोला कुठलंही वाक्य जन्मभर वागवावं लागणार नाही, एवढी तजवीज त्यांनी डोकं जागेवर असताना करून ठेवली, आणि जाता जाता भावाच्या घरातलंही एक जुनं वाक्य काढून टाकलं. आजारी माणसांनी धीर दाखवलेला मी पुष्कळ बघते. हा प्रकार मात्र धीराच्या पुढचा होता. हे काम होतं, आणि त्यांनी ते वेळेत केलं.

गेल्या आठवड्यात मुरबाडजवळच्या एका वाडीत नव्या रुग्णाकडे पहिली भेट होती. नवरा वीटभट्टीवर मुकादम, नुकताच उपचार होऊन घरी आलेला, बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी. मीठ, अंडं, गोड औषध हे सगळं सांगून झाल्यावर मी बायकोला खाली बसायला सांगितलं आणि नवऱ्याला म्हटलं, आता पुढचं मी नाही बोलणार, तुम्ही बोलायचं, आज, डोकं शाबूत आहे तोवर. काय बोलायचं ते मी त्याला सांगितलं. तो लाजला. जमिनीकडे बघत, अडखळत, पण म्हणाला: पुढंमागं मी तुला वाईट बोललो, तर ते मी नाय, आजार बोलतोय असं समज.

ती बाई म्हणाली, "आनि आजवर बोललात ते कोन व्हतं?"

तो हसला. कितीतरी दिवसांनी त्या घरात आलेलं पहिलं हसू असावं ते. मग तो म्हणाला, "ते मीच व्हतो." ती म्हणाली, "बरं." आणि चहा टाकायला उठली.